हाताने घडवलेला व्हायोलिनचा गज : रचना, बारकावे आणि कारागिरी

स्वरमग्न

गेल्या आठवड्यात माझ्या व्हायोलिनच्या गजाचे केस, म्हणजे तारांवर फिरणारे घोड्याच्या शेपटीचे केस, बदलायचे होते. हाताने घडवलेला हा गज मी अकरा वर्षे वापरतो आहे, परंतु केस बदलण्यासाठी तो नेहमी कारागिरांकडे सोपवून येत असल्यामुळे त्याचे अंतरंग मी कधी पाहिलेच नव्हते. या वेळी त्यांनी समोर बसून पाहण्याची परवानगी दिली. त्यांनी मळसूत्र उलट फिरवून फ्रॉग, म्हणजे मुठीकडचा केस धरणारा सरकता ठोकळा, काठीपासून वेगळा केला, केस कापले, चांदीची कडी ओढून काढली, फ्रॉगच्या तळाची शिंपल्याची पट्टी सरकवून बाहेर घेतली आणि लाकडाच्या तीन लहानशा पाचरी टोकदार हत्याराने उचकटल्या. पांढऱ्या कापडावर ते सगळे भाग ओळीने मांडलेले पाहिले, तेव्हा ज्या वस्तूला आपण सर्रास ‘बो’ म्हणतो आणि व्हायोलिनची जोडवस्तू समजतो, ती स्वतःच एक पूर्ण वाद्य आहे, अशी माझी खात्री झाली. त्या तासाभरात जे पाहिले आणि नंतर जे वाचून पडताळले, ते येथे मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी आणि चूक आढळल्यास दुरुस्त करावी, ही विनंती.

प्रथम वजनाविषयी, कारण बाकी सर्व गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. व्हायोलिनचा पूर्ण गज साधारण ५८ ते ६३ ग्रॅमचा असतो आणि त्याची लांबी ७४ ते ७५ सेंटीमीटर भरते. एवढ्याशा वजनात काठी, फ्रॉग, मळसूत्र, केस, तारेचे वेटोळे आणि अंगठ्याखालचे चामडे हे सगळे बसवायचे असते. दोन ग्रॅमचा फरक वजनकाट्यावर क्षुल्लक दिसतो, परंतु ते दोन ग्रॅम टोकाकडे आहेत की मुठीकडे, हे हाताला पहिल्याच स्वरात कळते. सारख्याच वजनाचे दोन गज मी एकामागोमाग वाजवून पाहिले आहेत. एक तारेवर आपणहून टेकतो आणि दुसऱ्याला सतत दाबून धरावे लागते. त्यामुळे कारागीर वजनाइतकाच तोलाचा बिंदूही पाहतो. काठीच्या मागच्या टोकापासून सुमारे २४-२५ सेंटीमीटरवर गज बोटावर आडवा स्थिर राहावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

आता काठी. फ्रॉगपासून टोकापर्यंत ती एकसारखी बारीक होत जाते, असे मी इतकी वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात तसे नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील वाद्यनिर्माते झाँ-बाप्तिस्त व्हियोम यांनी त्यांच्या आधीचे गजकार फ्रान्स्वा झाव्हिए तूर्त यांच्या गजांची मोजमापे घेऊन त्यामागचे प्रमाण शोधून काढले. त्यांच्या मापाप्रमाणे काठीचा सुरुवातीचा ११० मिलिमीटरचा भाग ८.६ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सरळ नळकांड्यासारखा असतो. तेथून डोक्यापर्यंत, म्हणजे केस धरणाऱ्या पुढच्या टोकापर्यंत, व्यास कमी होत होत ५.३ मिलिमीटरवर येतो. हा उतार मात्र समान गतीने होत नाही. व्यास ०.३ मिलिमीटरने घटण्यासाठी आरंभी बरेच अंतर जावे लागते, आणि डोक्याकडे सरकावे तसे ते अंतर भूमितीय श्रेणीने कमी होत जाते. म्हणजे काठी आधी संथपणे आणि शेवटी वेगाने निमुळती होते. तूर्त यांनी हे कोणत्याही सूत्रावरून केलेले नव्हते. रंध्याखाली काठी धरून, ती पुन्हा पुन्हा वाकवून पाहत, हाताच्या अंदाजाने ते या आकारापर्यंत पोहोचले. तरुणपणी त्यांनी घड्याळजीचे काम शिकले होते, ही गोष्ट मला येथे फार अर्थपूर्ण वाटते.

बाकाविषयी मी मुद्दाम लिहीत नाही. त्या बाबतीत या मंचावरचे सदस्य ‘काष्ठवेध’ यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे.

काष्ठवेध

स्वरमग्न, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी पेशाने गजकार नाही, परंतु एका अनुभवी कारागिरांच्या हाताखाली सहा काठ्या घडवल्या आहेत, त्यांतील दोन वाजवण्याजोग्या उतरल्या. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

गजाचा बाक कोरलेला नसतो, वाकवलेला असतो. हा फरक समजला की अर्धी कारागिरी समजते. लाकडाची पट्टी करवतीने सरळ कापली जाते आणि तिची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, काठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाईल याची काळजी घेतली जाते. बाकदार आकार सरळ लाकडातून कोरून काढला, तर हे तंतू मधेच कापले जातील आणि काठी तेथून दुबळी होईल. म्हणून काठी आधी अष्टकोनी रंधून घेतात, मग कोरड्या उष्णतेवर, म्हणजे निखाऱ्यावर, स्पिरिटच्या दिव्यावर किंवा गरम हवेच्या झोतावर, थोडा थोडा भाग तापवत वाकवत जातात. उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचणे अत्यंत महत्त्वाचे असते. वरचा थर तापला आणि आतला तसाच राहिला, तर काठी त्या दिवशी वाकलेली दिसते खरी, पण काही महिन्यांत बाक सोडून देते. उलट जास्त तापली तर पृष्ठभाग करपतो आणि तंतू ठिसूळ होतात. माझी पहिली काठी अशीच करपली.

जुने, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातले गज बाहेरच्या बाजूला फुगलेले, धनुष्यासारखे असत. त्यांचे केस ताणले की काठी आणखी बाहेर वाकते आणि गजाचा मध्यभाग मऊ पडतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा बाक उलट झाला, म्हणजे काठी केसांच्या दिशेने आत वाकली. आता केस ताणले की काठी सरळ होऊ पाहते. त्यामुळे केस काठीच्या जवळ राहूनही ताण भरपूर मिळतो आणि तो मुठीपासून टोकापर्यंत बऱ्यापैकी सारखा राहतो. हे परिवर्तन एकट्या माणसाचे नव्हे. मधल्या काळात अनेकांनी निरनिराळे आकार करून पाहिले. परंतु १७८० च्या दशकाच्या सुमारास पॅरिसमध्ये तूर्त यांनी लांबी, बाक, डोक्याचा आकार आणि केसांची रुंदी यांचा जो मेळ घातला, तोच आजपर्यंत टिकून आहे. त्यात व्हायोलिनवादक व्हियोत्ती यांच्या सहवासाचा मोठा वाटा होता, असे मानले जाते.

बाक कोठे किती द्यायचा, याला मात्र एकच उत्तर नाही. लाकूड कडक असेल तर थोडा कमी बाक पुरतो. लाकूड मऊ असेल तर बाक वाढवून ताठपणा भरून काढावा लागतो आणि मग गज तारेवर चंचल होतो. म्हणून एका काठीचा बाक साच्यावरून दुसऱ्या काठीला देता येत नाही. मला स्वतःला हाताने घडवण्याचे खरे प्रयोजन येथे दिसते, नक्षीकामात नव्हे.

मंद्रसप्तक

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि हौसेने व्हायोलिन वाजवतो, म्हणून थोडा हिशेब मांडतो. गोल काठीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, वजन मात्र दुसऱ्या घाताप्रमाणे. काठी ६ मिलिमीटर जाड असेल त्या ठिकाणी कारागिराने रंध्याने ०.१ मिलिमीटर व्यास कमी केला, तर तेथील वजन सुमारे ३.३ टक्क्यांनी घटते, परंतु ताठपणा सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतो. कागदाच्या जाडीएवढ्या लाकडाची ही किंमत आहे, आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही. त्यामुळे अखेरच्या टप्प्यात कारागीर दोन-चार वेळा खरवडतो, काठी वाकवून पाहतो, बाजूला ठेवतो, आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशीच पुन्हा हातात घेतो.

दुसरा प्रश्न लाकडाचा. चांगले गज ज्यापासून घडवतात ते पर्नाम्बुको हे लाकूड इतके घट्ट असते की त्यातले अनेक तुकडे पाण्यात बुडतात. परंतु घनता एकटी उपयोगाची नाही. घनतेच्या मानाने ताठपणा किती, हे पाहावे लागते, आणि लाकडातून जाणाऱ्या ध्वनीच्या वेगावरून ते कळते. इटलीतील क्रेमोना येथील गजकार जोव्हान्नी लुक्की यांनी यासाठी एक उपकरण तयार केले. काठीच्या दोन टोकांना ते लावले की ध्वनीचा वेग मिळतो. चांगल्या पर्नाम्बुकोत तो सेकंदाला ५,००० मीटरच्या वर जातो. आकडा चांगला आला म्हणजे गज चांगला होईलच, असे नाही, हे येथे नमूद करतो. लाकूड आतल्या आत कंप किती लवकर गिळते, हा गुण त्या आकड्यात येत नाही. जुने कारागीर लाकडाचा तुकडा टिचकी मारून, कानाशी धरून निवडत आणि अनेक जण आजही तसेच निवडतात.

निरभ्र

अतिशय वाचनीय चर्चा. मला दोन शंका आहेत. अष्टकोनी काठी गोल काठीपेक्षा श्रेष्ठ असते, असे बरेच वादक सांगतात. त्यात तथ्य आहे का? आणि डोक्याखाली जी पांढरी पट्टी असते, ती केवळ शोभेची असते का? माझ्या पहिल्या गजाची ती पट्टी तडकली होती. मी दुर्लक्ष केले, आणि पुढे केस ताणलेल्या स्थितीत गज हातून पडला तेव्हा डोकेच तुटले. तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे.

काष्ठवेध

निरभ्र, आपल्या दुसऱ्या शंकेपासून आरंभ करतो, कारण ती गजाच्या सर्वांत नाजूक जागेविषयी आहे.

डोके वेगळे करून चिकटवलेले नसते. काठी आणि डोके एकाच लाकडातून काढलेले असतात. तंतू काठीच्या लांबीने धावत येतात आणि तसेच सरळ डोक्यातून बाहेर पडतात. म्हणजे काठीत जे तंतू लांबच लांब असतात, ते डोक्याच्या उंचीत अगदी आखूड होतात. काठी जेथे वळून डोक्यात शिरते, त्या गळ्यापाशी लाकूड उभे चिरण्याची भीती सर्वाधिक असते. त्यातच डोक्याच्या तळाशी केसांची गाठ बसवण्यासाठी खोबणी कोरलेली असते, म्हणजे मुळातच दुबळ्या जागी आणखी लाकूड कमी केलेले असते. तळाला आधी आबनूसचा पातळ थर आणि त्यावर ती पांढरी पट्टी चिकटवतात, ती या सर्वाला एकत्र बांधून ठेवण्यासाठी. पट्टी डोक्याच्या पुढच्या निमुळत्या चोचीच्या टोकापर्यंत वळवलेली असते, त्यामुळे गज टेकला किंवा आपटला तर पहिला मार ती झेलते. पट्टी तडकली की खोबणीच्या भिंतींना आधार उरत नाही. पडताना केस ताणलेले असतील, तर केसांची सगळी ओढ त्या क्षणी गळ्यावर येते. आपल्या गजाचे तेच झाले असावे.

ही पट्टी पूर्वी हस्तिदंताची असे. आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाल्यानंतर हाड, चांदी, मॅमथचा दात किंवा कृत्रिम पदार्थ वापरले जाऊ लागले. चांदीची पट्टी मजबूत असते, पण टोकाकडचे वजन वाढवते, त्यामुळे काठी आधीपासून त्या हिशेबाने घडवावी लागते.

डोक्याच्या खोबणीतली पाचर सरस लावून बसवत नाहीत, हेही सांगण्यासारखे आहे. खोबणीच्या भिंती किंचित तिरप्या असतात. गाठ आत ठेवून वरून पाचर दाबली की केसांच्या ओढीनेच ती घट्ट धरली जाते. पाचर प्रमाणाबाहेर घट्ट केली तर डोक्याच्या गालांना चीर जाते. अनेक जुन्या, उत्तम गजांचे नुकसान वादकांच्या हातून झालेले नाही. केस बदलताना अशा आडदांड पाचरीने झालेले आहे.

अष्टकोनाविषयी ‘मंद्रसप्तक’ यांनीच लिहावे.

मंद्रसप्तक

समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर गोल काठीच्या व्यासाएवढे धरले, तर अष्टकोनाचे क्षेत्रफळ वर्तुळापेक्षा सुमारे साडेपाच टक्क्यांनी आणि वाकण्याला होणारा विरोध सुमारे साडेअकरा टक्क्यांनी अधिक येतो. त्यामुळे एकाच मापाची अष्टकोनी काठी ताठ लागते यात आश्चर्य नाही. ती तेवढी जडही असते. जाणता कारागीर ती किंचित बारीक करतो आणि मग फरक जवळजवळ मिटतो. श्रेष्ठत्वाचा प्रश्न मला तरी निराधार वाटतो. गोल काठीसुद्धा आधी अष्टकोनीच असते आणि नंतर गोल केली जाते. फ्रॉग जेथे बसतो तो भाग तर बहुतेक गोल गजांतही अष्टकोनीच ठेवतात.

डोळ्यांना मात्र अष्टकोनात वेगळा आनंद आहे. आठ धारा मुठीपासून डोक्यापर्यंत, बाकातूनही, न डगमगता एकमेकींच्या जवळ येत जातात. गोल काठीत छोटी चूक घासून लपवता येते. धारेवरची चूक उजेडात धरताच दिसते.

स्वरमग्न

फ्रॉगविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून कापडावर जे पाहिले ते लिहितो. माझ्या गजाचा फ्रॉग आबनूसचा आहे. काठीला लागणारी त्याची वरची बाजू सपाट नसते. काठीच्या अष्टकोनाच्या खालच्या तीन बाजूंना चपखल बसेल अशी तीन पृष्ठांची पन्हळ तेथे कोरलेली असते आणि तिला चांदीचे पातळ अस्तर असते. या पन्हळीतून पितळेची आटे असलेली लहान कडी वर येते, काठीच्या लांबट भोकात शिरते आणि मागच्या गुंडीला जोडलेले मळसूत्र तिच्यातून जाते. गुंडी फिरवली की फ्रॉग मागे सरकतो व केस ताणले जातात. फ्रॉग डावी-उजवीकडे जराही डुलता कामा नये आणि तरीही अडखळता कामा नये. कारागिरांनी पन्हळीला खडू लावून, फ्रॉग एकदा पुढे-मागे सरकवून, खडू कोठे उमटतो ते मला दाखवले. तीनही पृष्ठांवर सलग रेघ उमटली होती.

शिंपल्याची पट्टी म्हणजे मला आजवर निव्वळ शोभा वाटत होती. ती फ्रॉगच्या पोटातली केसांची खोबणी झाकणारे झाकण आहे. तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा खाचेत ती मागून-पुढे सरकते, आणि तिच्यावर पुढून चांदीची अर्धगोल कडी, म्हणजे फेरूल, चढते. या कडीची सपाट बाजू केसांकडे असते. तिच्या आत केसांच्या रुंदीची पातळ पाचर सारली की केसांचा झुबका पसरून सपाट फितीसारखा होतो. जुन्या गजांत ही सोय नव्हती, केस गोळा होत. १५० ते २०० केस एकाच पातळीत तारेवर टेकतात, ते या कडीमुळे.

काठीवरच्या चांदीच्या तारेच्या वेटोळ्याचेही तसेच. तर्जनीच्या घर्षणापासून ते लाकूड वाचवते, शिवाय मुठीकडे वजन देऊन तोल साधते. माझे वेटोळे झिजले होते. त्याऐवजी रेशीम आणि जरीचे हलके वेटोळे घालावे, असे माझ्या मनात होते. कारागिरांनी काठीवर तात्पुरते गुंडाळून गज माझ्या हातात दिला. टोक एकदम जड झाले. मी चांदीची तारच राहू दिली.

काष्ठवेध

उत्तम वर्णन. यात एका गोष्टीची भर घालतो. जाणकार माणूस गज हातात घेतल्यावर कारागिराच्या नावाचा शिक्का पाहण्याआधी डोके पाहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर धारदार सुरीने उतार दिलेले असतात. ते समोरून येऊन चोचीपाशी मिळतात. या उतारांची रुंदी, चोचीचे वळण, गालांचा फुगीरपणा यांत प्रत्येक कारागिराचे अक्षर उमटते. फ्रान्समधील मिरकूर येथे जन्मलेले गजकार दोमिनीक पेकात यांची डोकी कुऱ्हाडीच्या पात्यासारखी भरदार आहेत, तर त्यांच्या पुढच्या पिढीतील फ्रान्स्वा निकोला व्होआरँ यांची डोकी लहान आणि सौम्य वळणाची आहेत. त्यांच्या काठ्याही त्याच प्रमाणात नाजूक आहेत. तूर्त तर आपल्या गजांवर क्वचितच शिक्का मारत, तरी त्यांचे काम ओळखले जाते. सुरीचा तो अखेरचा हात घासून गुळगुळीत केला तर अक्षर पुसले जाते, म्हणून चांगले कारागीर तेथे पॉलिश कागद लावत नाहीत.

आणि लाकडाविषयी थोडे, कारण त्यावाचून ही चर्चा अपुरी राहील. पर्नाम्बुकोचे झाड ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलातले आहे. देशाचे नावही त्याच झाडावरून पडले. कापड रंगवण्याच्या लाल रंगासाठी ते शतकानुशतके तोडून युरोपात नेले गेले, आणि गजकारांच्या हाती ते त्या रंगाच्या व्यापारातूनच आले. आज ते जंगल अत्यल्प उरले आहे. २००७ पासून हे झाड साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. गजकारांनीही २००० साली एकत्र येऊन या झाडांच्या लागवडीसाठी आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू केला. लावलेले झाड गजाजोगे होण्यास कित्येक दशके लागतात, म्हणून आजचे कारागीर इपेसारखे दुसरे लाकूड आणि कार्बन तंतू यांकडेही वळले आहेत. मी कार्बनचे काही फार चांगले गज हाताळले आहेत. त्यांचा तिरस्कार करणे मला योग्य वाटत नाही, जरी माझे मन लाकडातच रमते.

निरभ्र

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटची अडचण विचारतो. माझा सध्याचा गज केस ताणले की एका बाजूला वळतो. मागच्या टोकाकडून डोळा लावून पाहिले तर डोके सरळ रेषेत दिसत नाही. काठी तापवून सरळ करून घ्यावी, असा सल्ला मला मिळाला आहे.

काष्ठवेध

घाई करू नये. प्रथम केस पूर्ण सैल करून पुन्हा डोळा लावून पाहावे. सैल असताना काठी सरळ असेल आणि ताणल्यावरच वळत असेल, तर दोष काठीचा नसून केसांचा असण्याची शक्यता मोठी आहे. फितीच्या एका कडेचे केस आखूड बसले किंवा दुसऱ्या कडेचे तुटून विरळ झाले, तर काठी आखूड बाजूकडे ओढली जाते. आधी केस बदलून घ्यावेत. उष्णता हा अखेरचा उपाय आहे. प्रत्येक वेळी तापवताना काठी काहीतरी गमावते.

निरभ्र

कळवण्यास आनंद होतो की सैल अवस्थेत काठी सरळच होती. आज केस बदलून घेतले. डोक्यातली जुनी पाचर बाहेर काढून कारागिरांनी मला दाखवली. ती एका बाजूला जवळपास अर्ध्या मिलिमीटरने अधिक जाड कापलेली होती आणि त्या बाजूचे केस तेवढेच आखूड धरले गेले होते. नवी पाचर त्यांनी माझ्यासमोर तीनदा कापली, दोनदा टाकून दिली. आता पूर्ण ताणावरही डोके सरळ रेषेत आहे.